पोर्टिसहेडचा ‘डमी’: ती खरखर येते कुठून, आणि हा अल्बम जुना का होत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: पोर्टिसहेड या बँडचा ‘डमी’ हा १९९४ चा अल्बम आज विशीतल्या मुलांनाही का धरून ठेवतो? त्याच धाटणीचं त्या काळातलं बाकीचं बरंचसं संगीत हॉटेलच्या लॉबीत वाजवण्यापुरतं का उरलं? आणि पुढचा भाग, जो विचारणाऱ्याला खरा छळतो आहे: ‘मी एका जुन्या नाट्यसंगीताच्या रेकॉर्डवरून पेटीचा लूप घेतला, ठेका ८० च्या लयीत (मिनिटाला ८० ठोके) ठेवला, वर रेकॉर्डच्या खरखरीचं प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरमधला तयार इफेक्ट, लावलं. तरी सगळं खोटं वाटतं. काय चुकतंय?’

दोन्हींचं उत्तर एकाच जागी सापडतं. ‘डमी’मधला जुनेपणा गाणं तयार झाल्यावर वरून फासलेला नाही. आधी आवाज झिजवले, मोडले, मळवले आणि मग त्या मळक्या आवाजांना धरून गाणी बांधली. मी मिक्सिंगचं, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज एकत्र जुळवण्याचं, काम करतो, आणि नव्या खोलीत स्पीकर मांडले की खोली तपासायला जी मोजकी गाणी लावतो त्यांत या अल्बममधलं ‘रोड्स’ कायम असतं. तेव्हा पुढचं सगळं इतक्या वर्षांच्या ऐकण्यातून आलेलं आहे असं समजा.

खरखरीपासूनच सुरुवात करू. रेकॉर्डवरचा धुळीचा कण किंवा चरा म्हणजे एक क्षणाचा ‘टक’. रेकॉर्ड नुसती वाजत असेल तर हे टक वाटेल तसे पडत राहतात. पण त्याच रेकॉर्डचे चार ठोके सॅम्पलरमध्ये, म्हणजे आवाजाचा तुकडा साठवून वाजवणाऱ्या यंत्रात, उचलून लूप केले, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरवत ठेवले, की त्या चार ठोक्यांतले टक दर आवर्तनाला नेमक्या त्याच जागी पडतात. खरखर ठेक्याचा भाग होते. समेच्या किंचित आधी एक टक असेल, तर तो प्रत्येक समेच्या आधी येणार, आणि तिसऱ्या-चौथ्या आवर्तनापासून कान नकळत त्याची वाट पाहू लागतो. लूपचा वेग उतरवला की खरखरही त्याच्याबरोबर उतरते, जाडसर होते. ड्रम आणि लूप एकाच कॉम्प्रेसरमधून, म्हणजे मोठा आवाज दाबणाऱ्या यंत्रातून, गेले असतील तर किकच्या (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या) ठोक्याला खरखर दबते आणि ठोका विरला की वर येते, म्हणून सगळा ट्रॅक श्वास घेतल्यासारखा वाटतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे लूप तोडला की खरखरही तिथेच तुटते. मग जी शांतता येते ती दचकवणारी असते, कारण लूपबरोबर त्याच्याभोवतीची हवासुद्धा गेलेली असते.

तुमचं प्लगइन यातलं काहीच करत नाही. ते पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत एकसारखी खरखर ओतत राहतं. ठेक्याशी तिचं नातं नाही, सुराशी नाही, लूप थांबल्याचं तिला कळत नाही. दोन आवर्तनांत कान ओळखतो की ही बाहेरची आहे, आणि मग तिच्यामुळे खालची पेटीसुद्धा खोटी वाटायला लागते.

पोर्टिसहेडची मंडळी याच्याही पुढे गेली. दुसऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डवरून सॅम्पल घेणं ही हिपहॉपची रुळलेली पद्धत होती आणि ‘डमी’तही ती आहे. पण त्याच्या जोडीला त्यांनी स्वतः वाजवलेले तुकडे रेकॉर्डवर कापून घेतले, त्या रेकॉर्ड जमिनीवर टाकून त्यांच्यावरून चालले, त्या स्केटबोर्डसारख्या घसरवल्या, आवाज बिघडलेल्या ॲम्प्लिफायरमधून काढले आणि मग तेच पुन्हा सॅम्पल केलं. आपणच वाजवलेलं आपणच इतकं परकं करून टाकायचं, की ते कुठल्या तरी विसरलेल्या सिनेमाच्या पार्श्वसंगीतातून उचलल्यासारखं वाटावं. आज लॅपटॉपवर ‘अनडू’ दाबून वाढलेल्या आपल्याला यातला धोका पटकन कळत नाही. चरा पडला की पडला. जे उरलं त्याच्याशीच पुढे जुळवून घ्यावं लागत होतं.

ही रीत ज्या माणसांकडून आली त्यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं. ज्यॉफ बॅरो ब्रिस्टलजवळच्या पोर्टिसहेड या छोट्या गावात वाढला. बँडचं नाव तिथूनच आलं. कोवळ्या वयात तो ब्रिस्टलच्या कोच हाउस स्टुडिओत टेप ऑपरेटर म्हणून लागला. टेपा लावायच्या, चहा आणायचा, कोपऱ्यात उभं राहून बघायचं. तिथे तेव्हा मॅसिव्ह अटॅक हा गट ‘ब्लू लाइन्स’वर काम करत होता. १९९१ मध्ये आलेला तो अल्बम या सगळ्या धाटणीचा पाया मानला जातो. त्याच वर्षी बॅरोची बँडची गायिका बेथ गिबन्सशी गाठ पडली, तीही बेरोजगारांना स्वतःचा धंदा सुरू करायला मदत करणाऱ्या एका सरकारी योजनेच्या वर्गात. गिबन्स डेव्हनमधल्या शेतावर वाढलेली. तिसरा एड्रियन अटली, बॅरोहून चौदा वर्षांनी मोठा, जॅझमध्ये मुरलेला गिटारवादक, जुन्या सिनेसंगीताचा आणि जुन्या वाद्यांचा वेडा. ध्वनिमुद्रणाची बाजू डेव्ह मॅकडोनाल्डने सांभाळली. ड्रम वाजवणारा क्लाइव्ह डीमर पुढे रेडिओहेड या बँडबरोबरही वाजवू लागला. हिपहॉपवर जीव असलेला विशीतला पोरगा, चारचौघांत फारसं न बोलणारी गायिका आणि जॅझवाला: यांतलं कुठलंही एक माणूस काढा, हा अल्बम होत नाही.

ब्रिस्टलचा वाटाही मोठा. हे बंदराचं शहर. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियन बेटांवरून आलेली कुटुंबं तिथल्या सेंट पॉल्स भागात वसली आणि त्यांच्याबरोबर जमैकाची साउंड सिस्टीमची परंपरा आली. प्रचंड स्पीकरांच्या भिंती, खोल बेस, आणि डबप्लेट, म्हणजे खास त्या साउंड सिस्टीमसाठी कापलेली एकुलती एक तबकडी. डबप्लेट मऊ असते. दर वेळी सुई फिरली की तिचा वरचा, धारदार आवाज थोडा थोडा झिजतो. बॅरोच्या आसपासची पिढी हे ऐकत वाढली. झिजलेल्या तबकडीचा आवाज त्यांच्या कानाला खराब लागत नव्हता, तो त्यांचा रोजचा होता.

आता काही गाणी जवळून ऐकू.

‘सावर टाइम्स’चा लूप संगीतकार लालो शिफ्रिनच्या ‘डॅन्यूब इन्सिडेंट’मधला आहे, ‘मिशन इम्पॉसिबल’ या १९६० च्या दशकातल्या मालिकेसाठी केलेल्या संगीतातला. त्यात जे तारांचं वाद्य खणखणतं ते सिंबलम, हंगेरीकडचं. आपल्या संतूरचं ते नात्यातलं भावंड. दोन्ही तारांवर काठ्यांनी वाजवतात. हेरकथेचं संगीत म्हणजे मुळातच ‘कोणीतरी मागे आहे’ असं सांगणारं. बॅरोने त्यातला छोटा तुकडा फिरवत ठेवला, त्यामुळे पाठलाग कधी संपतच नाही. आणि त्यावर गिबन्स हेरकथा गात नाही, ती एकटेपणाचं गाणं गाते. हा सांधा बघा. लूप बाहेरच्या भीतीचा, शब्द आतल्या भीतीचे. लूप जर आधीच दुःखी असता तर हे गाणं रडकं झालं असतं.

‘ग्लोरी बॉक्स’मध्ये अमेरिकन गायक आयझॅक हेजच्या ‘आइक्स रॅप टू’चा लूप आहे, १९७१ च्या ‘ब्लॅक मोझेस’ या अल्बममधला: पायरी पायरीने खाली उतरणारा बेस आणि त्यावर तंतुवाद्यं. गंमत म्हणजे ट्रिकी या ब्रिस्टलच्याच कलाकाराने १९९५ च्या ‘मॅक्सिनक्वे’मधल्या ‘हेल इज राउंड द कॉर्नर’साठी हाच लूप वापरला. शिकणाऱ्याने ही दोन गाणी पाठोपाठ ऐकावीतच. ट्रिकी त्या लूपवर पुटपुटत, घुसमटत बसतो. त्याच्याकडे लूप म्हणजे खोली आहे आणि दार बंद आहे. गिबन्स त्याच उतारावरून वर चढायला बघते. कडव्यात आवाज नाकातून, बारीक, जवळजवळ लहान मुलीसारखा. मग अटलीची फाटलेली गिटार येते. शेवटाकडे ठेकाच बदलतो, जड आणि खडबडीत होतो, आणि मघाची नाजूक बाई अचानक अंगावर येते. तुम्ही वापरता तो लूप कुणी किती वेळा वापरला आहे याची चिंता करणाऱ्यांना मी हेच उदाहरण देतो.

‘बिस्किट’मध्ये जॉनी रे या १९५० च्या दशकातल्या लोकप्रिय गायकाच्या आवाजाचा तुकडा वेग उतरवून घेतला आहे. इथे जरा आकडे मांडतो, तुम्हाला पुढे उपयोगी पडतील. मिनिटाला ४५ फेऱ्यांची तबकडी ३३⅓ वर लावली तर सूर पाच अर्धस्वरांहून थोडा जास्तच उतरतो, म्हणजे शुद्ध मध्यमाच्या जागी षड्ज ऐकू यावा इतका. पण सुराबरोबर बाकी सगळंही उतरतं: गळ्याचा कंप लांबतो, शब्दांची सुरुवात बोथट होते, श्वास ओढल्यासारखा होतो. माणूस तोच, पण त्याला गुंगीचं औषध दिल्यासारखा. मूळ गाण्यात जी ओळ प्रेमातल्या लटक्या रागाची होती ती ‘बिस्किट’मध्ये शापासारखी वाजते. एक शब्द न बदलता.

‘वाँडरिंग स्टार’वर फार लिहीत नाही, फक्त एवढं, की त्यातली सर्वांत काळी ओळ बायबलमधल्या यहूदाच्या पत्रातून आली आहे, जिथे भटकणाऱ्या ताऱ्यांसाठी कायमचा अंधार राखून ठेवल्याचं म्हटलं आहे. ‘पेडेस्टल’मधला अँडी हेगचा ट्रंपेट मात्र हेडफोन लावून ऐका. मागच्या खोलीत कुणी तरी रियाज करत बसल्यासारखा तो दूर ठेवला आहे.

आणि ‘रोड्स’. अल्बमचं काळीज इथे आहे असं मी मानतो. यात ओळखू येईल असा दुसऱ्याचा लूप नाही. सुरुवातीला फक्त फेंडर ऱ्होड्स हा विजेवरचा पियानो, त्यावर ट्रेमोलो, म्हणजे आवाजाची पातळी सतत कमी-जास्त होत राहते. स्वर धरलेला असतो पण स्थिर नसतो. गिबन्सला घाई नाही. ती येते तेव्हा आवाज इतका जवळ असतो की शब्द सुरू होण्याआधीचं ओठ उघडणंही कळतं. मागून तंतुवाद्यं येतात. कुठलाही दुसरा निर्माता इथे पहिल्याच कडव्यात ती आणून मोकळा झाला असता. हे थांबतात. आणि तंतुवाद्यं आल्यावरही ऱ्होड्सची थरथर बुजत नाही, ती खाली चालूच राहते. खोली तपासायला मी हे गाणं लावतो ते याचसाठी: बेस खोल आहे पण फुगलेला नाही, आणि मधल्या पट्टीत आवाज, ऱ्होड्स आणि तंतुवाद्यं एकमेकांत घुसायला टपलेली असूनही घुसत नाहीत. जिथे ती घुसली, तिथे खोलीत काही तरी बिघडलं आहे हे नक्की.

यातून दुसरा मुद्दा निघतो, आणि माझ्या मते खरखरीपेक्षा तोच मोठा आहे. ‘डमी’मध्ये मागचं सगळं जुनं, मळलेलं, तुटकं आहे, पण गिबन्सचा गळा बहुतेक ठिकाणी आजचा, उघडा आणि अगदी कानाशी आहे. तिच्यावर प्रतिध्वनीची शाल पांघरलेली नाही. चिरा जाऊ देतात, श्वास जाऊ देतात. ‘स्ट्रेंजर्स’ ऐका. सुरुवातीला वेदर रिपोर्ट या जॅझ गटाच्या रेकॉर्डवरचा तुकडा, मग दणदणीत ठेका, आणि तेवढ्यात सगळं गळून पडून एक बारीकशी गिटार आणि ती, एवढंच उरतं. ऐकणाऱ्याला काळाचं अंतर जाणवतं ते या दोन थरांमधून: यंत्र कालचं, माणूस आत्ताचा. गळासुद्धा तेवढाच मळवला असता तर अल्बम जुन्या काळाचा देखावा होऊन बसला असता. अनुकरण करणाऱ्यांनी नेमकं हेच केलं. संथ ठेका, हळुवार बाई, तंतुवाद्यं, खरखर, आणि सगळ्यांवर सारखाच गुळगुळीत हात. त्या संगीतात कुणाला काही टोचत नव्हतं, म्हणून ते कॅफेत चाललं आणि कॅफेतच राहिलं. ‘डमी’लाही लोकांनी जेवणावळीचं पार्श्वसंगीत करून टाकलं होतं, हे खरं. पण तो त्या कामाला पुरत नाही. ‘मिस्टेरॉन्स’मधला थेरमिन या हात न लावता वाजवायच्या वाद्यासारखा कापरा सूर किंवा ‘नंब’मधला तो कोंडलेला हॅमंड ऑर्गन चालू असताना शांतपणे गप्पा मारता येत नाहीत.

जुना न होण्याचं आणखी एक साधं, कारागिरीचं कारण आहे. दरसाल नवी कीबोर्ड येतात, त्यांत तयार आवाज भरलेले असतात, आणि ते आवाज त्या वर्षाचा शिक्का घेऊनच येतात. ‘डमी’ने वापरलेलं साहित्य १९९४ मध्येच वीस-तीस वर्षांचं होतं: ऱ्होड्स, हॅमंड, हेरकथांचे लूप. जे त्या वर्षाच्या फॅशनमध्ये नव्हतंच ते फॅशनमधून जाणार कसं? अल्बममध्ये मला त्या दशकाचा सगळ्यांत जास्त वास येतो तो ‘इट कुड बी स्वीट’मध्ये, कारण त्यातला ठेका आणि कीबोर्ड सगळ्यांत स्वच्छ आहेत. गाणं गोड आहे, पण शेजारच्या गाण्यांपुढे ते वय सांगतं.

बाहेरच्या मानाचं म्हणाल तर तोही आला. ब्रिटनच्या अल्बम यादीत ‘डमी’ दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला आणि वर्षातल्या उत्तम अल्बमला दिलं जाणारं १९९५ चं मर्क्युरी पारितोषिक त्याला मिळालं, तेही ओअॅसिस या बँडचा पहिला अल्बम आणि ‘मॅक्सिनक्वे’ स्पर्धेत असताना. तरी या लोकांनी त्याच साच्यातून दरवर्षी एक अल्बम काढला नाही. दुसरा १९९७ मध्ये, तिसरा थेट २००८ मध्ये, आणि तिसऱ्यात तर खरखर, लूप, सगळं बाजूला ठेवलं. तीन स्टुडिओ अल्बम, बस. गिबन्स मुलाखती जवळजवळ देतच नाही. त्यामुळे या गाण्यांवर गायकाच्या खुलाशांचा थर चढलेला नाही, आणि आज ऐकणाऱ्याला ती आपल्यासाठी मोकळी सापडतात.

आता तुमची पेटी.

पहिलं म्हणजे ते प्लगइन काढा. दुसरं, रेकॉर्डवरचा लूपही सध्या बाजूला ठेवा. परवानगीचा प्रश्न आहेच: आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो, आणि चालीचा व शब्दांचा हक्क त्याहून वेगळा मोजतात. पण मी सांगतोय ते कानासाठी. पेटी स्वतः वाजवा किंवा वाजवणाऱ्याला बोलवा. माइक भात्याच्या बाजूला, जरा जास्तच जवळ, म्हणजे हवेचा फुसकारा आणि पट्ट्यांची खटखट दोन्ही येतील. तुम्हाला शेवटी ८० ची लय हवी आहे ना? मग १०७ च्या आसपास वाजवा, आणि हव्या त्या सुरापेक्षा पाच अर्धस्वर वर. मग सॉफ्टवेअरमधला वेळ ताणण्याचा पर्याय पूर्ण बंद करून तो तुकडा पाच अर्धस्वर खाली आणा, वेग आणि सूर दोन्ही एकत्र उतरू द्या. लय जवळजवळ ८० ला येऊन बसेल, आणि पेटीचा भाता एखाद्या मोठ्या, थकलेल्या प्राण्यासारखा चालू लागेल. सूर न बदलता नुसती लय कमी केलीत तर हे होणार नाही, हे करून बघाच.

मग तो तुकडा खराब करा, पण खरोखरीच्या वस्तूंनी. जुना कॅसेट डेक मिळाला तर त्यावर पातळी जास्त ठेवून भरा आणि परत आत घ्या. नाही मिळाला तर एखाद्या छोट्या, फाटक्या स्पीकरवर जिन्यात वाजवा आणि फोनने रेकॉर्ड करा. खालून स्कूटर गेली तर जाऊ द्या. लूपमध्ये ती दर आवर्तनाला येईल आणि कदाचित तीच तुमची सम ठरेल. आता दोन आवर्तनांचा तुकडा कापा आणि मूळ स्वच्छ टेक (ध्वनिमुद्रण) वेगळा जपून ठेवून सेशनमधून, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चालू कामातून, काढून टाका. परतीची वाट बंद असली की माणूस समोरच्या आवाजाचं नीट ऐकतो. गाणं या तुकड्यापासून सुरू करा. ठेका त्याच्या खाचखळग्यांना धरून बसवा, मेट्रोनोमला धरून नको.

गळा सगळ्यांत शेवटी. जवळून, कोरडा, आणि तो पेटीच्या कॉम्प्रेसरमधून जाऊ देऊ नका. एका वेळी चारपेक्षा जास्त गोष्टी वाजत असतील तर एक म्यूट करून बघा. बहुतेक वेळा ती परत लागत नाही. आणि निदान एका जागी लूप पूर्ण तोडा, अर्ध्या आवर्तनासाठी का होईना.

हे करण्याआधी एक संध्याकाळ ऐकायला ठेवा. ‘रोड्स’ आधी ‘डमी’वरचं, मग ‘रोझलँड एनवायसी लाइव्ह’च्या व्हिडिओतलं. न्यूयॉर्कमध्ये १९९७ साली वाद्यवृंदाबरोबर केलेला तो कार्यक्रम १९९८ मध्ये अल्बम आणि व्हिडिओ म्हणून आला; अल्बमवरचं ‘रोड्स’ मात्र दुसऱ्या कार्यक्रमातलं आहे. कागद-पेन्सिल घेऊन बसा आणि कुठलं वाद्य कितव्या मिनिटाला आत येतं ते दोन्हींसाठी लिहून काढा. मग तुमचा नवा ट्रॅक पाठवा, आणि पेटीचा मूळ टेक सोबत वेगळा जोडा, म्हणजे काय काय झिजलं ते मला ऐकता येईल.